आमची वाटचाल : बाभळीखालचा एचएमटी आणि आमचं गॅरेज

नेवासा फाट्याजवळ आमचं ट्रॅक्टर गॅरेज. सुरू केलं तेव्हा पत्र्याची शेड, एक चेन ब्लॉक आणि उस्तादांची पेटी एवढंच भांडवल होतं. उस्ताद म्हणजे माझे गुरू आणि भागीदार. त्यांच्या पेटीत एक लायनर पुलर (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, ती लायनर ओढून काढायचं हत्यार) होता, जुन्या जीपच्या पाट्याचा तुकडा कापून लेथवर करून घेतलेला. बाजारातले तीन पुलर मोडले, तो आजही कामात आहे.

धंदा जरा बसतोय तोच आमच्याच हाताखाली शिकलेल्या पोराने दोनशे फुटांवर गॅरेज टाकलं. टाकावं, त्याचं काही नाही. पण जाताना आमची उधारीची वही बघून गेला आणि त्यातल्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहिला. ते मी विसरलो नाही.

त्याच सुमारास अण्णा आले. भावांच्या वाटणीच्या वादात त्यांचा एचएमटी २५११ ट्रॅक्टर बांधावर बाभळीखाली नऊ पावसाळे उभा होता. त्या समोरच्या गॅरेजवाल्या पोराने सांगितलं होतं, भंगारात वजनावर घाला. एचएमटीने १९७१ साली पिंजोरला (हरियाणा) झेटर या चेकोस्लोव्हाकियाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या साथीने काढलेलं हे मॉडेल, २५ एचपी, दोन सिलिंडर. असलं लोखंड वजनावर घालायचं?

सायलेन्सरवर डबा नव्हता. इंजिन थांबताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यात पाणी सरळ उतरतं. तेच झालेलं. एक पिस्टन मोकळा, दुसरा लायनरला धरलेला. खाली ड्रेन बोल्ट सैल केला तर आधी नुसतं पाणी, मग ताकासारखं पांढरं ऑइल. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं. अशा गाडीला कुणी स्टार्टर मारू नका, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू तर अजिबात नका, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही डिझेल फवारणारे नोझल काढून आत डिझेल आणि ऑइल सोडलं आणि आठ दिवस हात लावला नाही. मग उस्तादांनी फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) दात्यांत टॉमी म्हणजे लोखंडी दांडा घालून केसभर पुढे, केसभर मागे केलं. नवव्या दिवशी फिरलं. हेड उघडून दोन्ही लायनर त्या पुलरने ओढले, किट नगरहून आणलं. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. पेडल दाबून लाकडाची पाचर मारली, चौथ्या दिवशी टक्कन सुटली.

चूक माझी झाली ती पंपात. पंप तपासायच्या बेंचवर टाकायला पैसे नव्हते, म्हणून डिझेल पंप मी घरीच खोलून धुतला. एअर काढली, सेल्फ मारला, इंजिन धरलं आणि धरताच पळालं, म्हणजे वेग आवरेना. पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, फुल डिझेलवर अडकलेली. स्टॉप ओढला तरी काही होईना. काळा धूर, पत्रे थरथरायला लागले, शेडमधली माणसं रस्त्यावर पळाली. उस्ताद पाटावर बसून काम करायचे. त्यांनी बुडाखालचा पाट उचलला आणि उघड्या एअर पाइपच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. हवा तुटली, इंजिन गुदमरून बंद पडलं. त्यांच्या तळहातांना थरकाप सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फाट्यावर झालं, यांच्याकडे इंजिनं पळतात. कुणी बोभाटा केला ते मला ठाऊक आहे. आठवड्यात तीन गाड्या अर्धवट उघडलेल्या तशाच ओढून नेल्या. स्पेअरवाल्याने उधारी बंद केली. दोन महिने भाडं थकलं. घरी बायकोच्या पाटल्या गेल्या. अण्णा मात्र येऊन इंजिनाला हात लावून म्हणाले, "मिस्तरी, पळालं म्हणजे जिवंत आहे. पंप नगरला पाठव, पैसे मी देतो."

पंप बेंचवरून आला. या वेळी उस्ताद पाट हातात घेऊनच उभे राहिले. पण पाट लागला नाही. अण्णांनी समोरच्याच वावरात फण लावून तीन दिवस पाळी घातली. रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. उरलेला हिशोब त्यांनी उसाच्या बिलावर चुकता केला.

पुढची वर्षं कामातच गेली. दोन शेड झाल्या, पोरगा हाताशी आला, उस्ताद गेले.

ट्रॅक्टर उभा ठेवायचाच असेल तर ऐका : सायलेन्सरवर डबा घाला, टाकी डिझेलने काठोकाठ भरा म्हणजे आत पाणी धरत नाही, बॅटरी काढा, चाकं ओंडक्यांवर घ्या, क्लचला पाचर मारून ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा गरम होईपर्यंत चालवा. हे कुणी करत नाही, आणि मग आमच्याकडे येतात.

२०१६ साली सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. तेव्हाच नगरच्या एका दुकानातली २५११ ची शिल्लक लायनर किटं मी सगळी उचलली. आता तीन उरली आहेत. दोन कुणालाही देईन. तिसऱ्याच्या खोक्यावर अण्णांचं नाव घातलंय.