हालावाच्या वाटेवर

पंढरीची वाट मी दोनदा चाललोय. तिथे कुणी ‘येऊ का?’ असं विचारत नाही, माउली म्हणत गर्दीत शिरायचं. हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या हालावा खोऱ्यात मात्र आधी विचारावं लागतं. जमीन खासगी आहे, वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. खरं सांगतो, मला ते जरा खटकलंच होतं.

आमच्या वाटाड्याला सगळे ‘अंकल’ म्हणत. हवाईत वडीलधाऱ्यांना असंच हाक मारतात, आपल्या काकांसारखं. त्यांनी शंख फुंकला आणि गप्प उभे राहिले. आतून दुसऱ्या शंखाचं उत्तर आल्यावरच आमचं पाऊल पुढे पडलं. मग कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून एकेकाचा श्वास घेतला. याला होनी म्हणतात. माझं खटकणं तिथेच विरलं.

वाटेत बारतोंडीची झाडं, नीरफणस, आणि मग खाचरांत अळू! पाटाचं गार पाणी सतत वाहतं, त्यात गुडघाभर पानं. तिथे त्याला कालो म्हणतात. तिथली पुराणकथा अशी: आकाशदेव वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. पुरलं तिथून कालो उगवला, हालोआ. दुसरा मुलगा माणूस झाला, नाव तेच. म्हणजे अळू थोरला भाऊ. कंद कुटून केलेल्या पोईचं भांडं उघडं असलं की घरात भांडायचं नाही, म्हणे. आमच्याकडे फदफद्यात चिंच कमी पडली की भांडण तिथूनच सुरू होतं.

१ एप्रिल १९४६च्या त्सुनामीत ही खाचरं खारट झाली, कुटुंबं उठून गेली. आता थोडी पुन्हा लावली आहेत.

पुढे हेइआऊ, चुन्याशिवाय रचलेला देवस्थानाचा दगडी चौथरा. माझा हात बुटाच्या नाडीकडे गेला. अंकल हसले, “बूट राहू दे. वर पाय नको, दगड हलवू नको.”

दोनदा ओढा ओलांडताना मी एकदा आपटलो. मोओउला धबधबा सुमारे ७५ मीटरचा. डोहात मोओ, म्हणजे सरड्यासारखी देवता राहते. टी नावाच्या झाडाचं (चहाचं नव्हे) पान पाण्यात सोडायचं: तरंगलं तर पोहा, बुडलं तर माघारी फिरा. माझं पान काठाच्या दगडाला अडकून गोल फिरत राहिलं. अंकलनी नुसते खांदे उडवले. मी घोट्यापर्यंत उतरलो, चंद्रभागेत लावतो तसं डोळ्यांना पाणी लावलं आणि बाहेर आलो.