तलवार-चेटूक कथा : वाचन वेताळापाशी, खर्डा भुयारात

पावसानं रंकाळ्यावरचं फिरणं बंद पाडलंय, त्यामुळं वाचन जोरात आहे. सध्या तलवार-चेटूक कथा, म्हणजे इंग्रजीतली ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’: तलवार चालवणारा नायक आणि समोर जादूटोणा. हाताशी आहे अमेरिकन लेखक रॉबर्ट हॉवर्ड. ‘वीअर्ड टेल्स’ या अमेरिकन मासिकाच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात आलेली, कॉनन या त्याच्या रानटी योद्ध्याची पहिली कथा मुळात त्याच्याच आधीच्या नायकाची, कल राजाची होती. रात्री महालात घुसलेले मारेकरी आणि राजाच्या हातात कुऱ्हाड, एवढाच मामला. चेटूक औषधालाही नव्हतं. ती कुणी छापेना, तेव्हा हॉवर्डनं त्यातलं प्रेमप्रकरण छाटलं आणि चेटक्या, त्याची अंगठी नि अंधारातून येणारं भूत आत घातलं. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचा, सांधा बोटानं दाखवता येतो.

या प्रकाराची मुळं शोधताना लोक लॉर्ड डन्सनी या आयरिश लेखकापाशी थांबतात. मी करवीर नगर वाचन मंदिराच्या वाटेनं सोमदेवाच्या कथासरित्सागरात शिरलो. अकरावं शतक, काश्मीर. त्यातल्या वेताळाच्या गोष्टी लहानपणी सगळ्यांनीच वाचल्यात, पण त्यांना बांधणारी चौकटीची कथा वाचावी मोठेपणी. स्मशानात बैरागी हाडांच्या भुकटीनं मंडल आखून बसलाय. रक्तानं भरलेले घडे, दिव्यात माणसाची चरबी. राजाला दंडवत घालायला सांगायचं आणि तिथंच बळी द्यायचा, हा बेत. वेताळानं राजाला आधीच सावध केलेलं. राजा म्हणतो, मला दंडवत ठाऊक नाही, आधी तुम्ही दाखवा. बैरागी आडवा होतो, तलवार उतरते. जग वाचवायची भानगड नाही. एक रात्र, एक हत्यार आणि डोकं ठिकाणावर. ‘हा प्रकार म्हणजे काय रे?’ असं कुणी विचारलं तर मी हेच पान पुढं करतो. कॉनन नंतर.

आता माझ्या स्वतःच्या कथेचा कच्चा खर्डा. नायिका दांडपट्टा चालवते, म्हणून पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळाचा सराव बघून आलो. दांडपट्ट्याची मूठ पार कोपराजवळपर्यंत हात झाकते, मनगट वळतच नाही. घाव खांद्यातून निघतो आणि लवलवतं पातं भोवतीची जागा मागतं. म्हणजे अरुंद जागेत बाई निम्मी निकामी. झालं, चेटक्याला उचलून पन्हाळ्याखालच्या भुयारात बसवला!

त्यासाठी सी. एल. मूर या अमेरिकन लेखिकेची तलवारबाज नायिका जिरेल (१९३४) परत वाचायला काढलीय. तीही भुयारातूनच खाली उतरते आणि गळ्यातला क्रूस काढेपर्यंत तिला तिथलं काही दिसत नाही. माझ्या बाईच्या गळ्यात सध्या कोल्हापुरी साज आहे. तो उतरवायला लावावा, की जोतिबाचा ताईत बरा? बोला.