बेचाळीस फुटांवरून वर आलेला मासा

मालवणजवळच्या कालावलच्या खाडीत बाबांबरोबर गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला, जायचे तेव्हा थंडी म्हणजे काय, तर पहाटे डोक्याला गुंडाळलेला एक टॉवेल. जॉर्जियात लेक लॅनियरच्या काठावर त्या शनिवारी पहाटे साडेपाचला उतरले, तेव्हा गाडीत तापमान २४ फॅरनहाइट दिसत होतं, म्हणजे आपले उणे ४. जानेवारीचा दुसरा आठवडा. अंगात थर्मलचे दोन थर, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारा सूट, आणि तरीही श्वास घेताना नाक आतून टोचत होतं.

स्पर्धा बास मासे पकडण्याची. अटलांटात राहायला आल्यापासून तीन वर्षं मी काठावरूनच गरवत होते. बोटीतून, घड्याळ लावून, दुसऱ्यांशी चुरस करत गरवायची ही पहिलीच वेळ. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पिकअप गाड्या आणि ट्रेलर यांची रांग लागलेली, सगळे एकमेकांना ओळखणारे. मी मात्र कोणालाच ओळखत नव्हते. तरी कोणी नाव विचारायच्या आधीच एका बाईंनी माझ्या दोन्ही हातांत हँड वॉर्मरच्या पुड्या कोंबल्या आणि ‘बुटात पण ठेव गं’ अशा सुरात काहीतरी सांगून त्या निघूनही गेल्या. त्या पुड्या नसत्या तर दुपारपर्यंत टिकले नसते.

या स्पर्धेत बोटीचा मालक पुढच्या डेकवर उभा राहतो आणि चिठ्ठी टाकून ठरलेला जोडीदार मागच्या. पुढच्याला पाच मासे आणायची मुभा, मागच्याला तीन. मासा चौदा इंचांपेक्षा लहान नको आणि आमिष खोटंच हवं, जिवंत काही लावायचं नाही. माझ्या चिठ्ठीत आलेले गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे, मितभाषी, दर वाक्याच्या शेवटी ‘मॅम’ म्हणणारे. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणू लागले, इथेही तेच म्हणते.

बोट सुटल्यावरची पहिली बारा मिनिटं मी कधीच विसरणार नाही. बास बोटीला छप्पर नसतं, पुढे काच नसते, आणि ती पाण्यावरून ताशी साठ मैलांनी जाते. मी स्कीइंगचा गॉगल नेला होता. काकांनी तो बघितला, काही न बोलता पेटीतून मोटरसायकलचं बंद हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यात घातलं. कोणी असं जाणार असेल तर हेल्मेट न्याच. मला त्याच्या आत रडू आलं होतं, आणि ते वाऱ्यामुळे नव्हतं. पाणी ९ अंश सेल्सिअसचं होतं. इतक्या गार पाण्यात माणूस पडला की काही मिनिटांतच हातपाय ऐकेनासे होतात, पोहता येत असलं तरी. लाइफ जॅकेटचा पट्टा मी सारखा चाचपत होते.

बोट थांबली ती एका अरुंद खाडीसारख्या भागात. लॅनियर हा खरा तलाव नव्हे. चॅटाहूची नदीवर १९५०च्या दशकात ब्युफर्ड धरण बांधलं, त्यामागे साठलेलं हे पाणी. शेतं, रस्ते, घरांचे पाये, झाडं, सगळं खाली. सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर साठ फुटांवर उभी झाडं दिसतात. काका पडद्यावर बोट ठेवून दाखवत होते, ‘हा ओहोळ, हा त्याच्या कडेचा चढ.’ पाण्याखालच्या ओहोळाचं वळण त्यांना पाठ होतं. मला कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं आठवली. तिथल्या कुणाला असा पडदा दाखवला तर तो काय शोधेल, हा विचार बराच वेळ डोक्यातून गेला नाही.

इथे मिळतो तो मुख्यतः स्पॉटेड बास. नावात बास आहे म्हणून आपल्या जिताड्याशी, म्हणजे मालवणातल्या चोणकाशी नातं लावायला जाऊ नका. हा सनफिशच्या कुळातला, गोड्या पाण्यातला. थंडीत त्याचं रक्तही पाण्याइतकंच गार होतं, पचन मंदावतं, आणि तो आमिषामागे धावत नाही. सकाळी हेरिंग या छोट्या माशांचे थवे ओहोळाच्या तोंडाशी उथळ पाण्याकडे सरकतात, त्यांच्या मागे हा. ऊन वर आलं की दोघंही खोलवर झाडांत. म्हणजे सगळा खेळ धीराचा. चार इंचांचं रबरी किडूक, खाली शिसं, सहा पौंड ताण पेलणारी बारीक लाइन, आणि ते तळाशी सोडून जवळजवळ न हलवता धरून ठेवायचं. रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता. दर चार-पाच वेळा टाकून झालं की रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं, बर्फ विरघळतो.

अडीच तास काही नाही. माझ्या बोटांना लाइन आहे की नाही तेच कळेना, म्हणून मी उजव्या हातमोज्याचं एक बोट कापलं आणि लाइन उघड्या बोटावर घेतली. बाबा असंच शिकवतात. खाडीत आमच्याकडे रॉड नव्हताच, गरी, शिसं आणि बोटावरून जाणारी दोरी. कोळंबी कोणी नुसती चाखली तरी ते बोटाला कळायचं.

साडेदहाच्या सुमाराला लाइन जड झाली. धक्का नाही, ओढ नाही, फक्त ओल्या फडक्यासारखं वजन. मी उचललं आणि खालून कोणीतरी मान हलवली.

बेचाळीस फूट खोल होतं. काकांनी जाळं घातलं आणि मासा आत आला: हिरवट पाठ, बाजूला काळ्या ठिपक्यांची रांग, तीन पौंडांच्या वर. मी अक्षरशः ओरडले. त्याला लाइव्हवेलमध्ये, म्हणजे बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला, आणि दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर तो पोट वर करून तरंगत होता. कल्ले हलत होते. खाली जायला बघायचा, शेपटी मारायचा, आणि परत वर.

त्याला काय झालं ते मला काकांनी सांगितलं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळीच्या पोटातली तीच पिशवी, आपल्याकडे कोळी तिला भोत म्हणतात आणि ती सोन्याच्या भावानं जाते. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. बेचाळीस फुटांवरून वर येताना तिच्यातली हवा फुगून दुपटीपेक्षा जास्त होते, आणि बासच्या पिशवीला तोंडापर्यंत नळी नसते, त्यामुळे ती हवा बाहेर काढून टाकता येत नाही. रक्तात शोषली जायला काही तास लागतात. तोवर तो उलटा तडफडतो आणि दमून मरतो.

त्याच वेळी काकांच्या पुढच्या पडद्यावर मासे आले होते. खरंच आले होते, मला इतक्या लांबूनही त्यांच्या कमानीसारख्या खुणा दिसत होत्या. त्यांच्या टाकीत तीन मासे होते, अजून दोन हवे होते. त्यांनी रॉड खाली ठेवला, हातमोजे काढले आणि डब्यातून इंजेक्शनची सुई काढली.

‘मॅम, याला पाण्यातच धरा. बुडबुडे दिसले पाहिजेत.’

मी दोन्ही हात टाकीत घातले. त्यांनी पाठीवरच्या पराच्या दोन भागांमधली खाच दाखवली, मग खाली गुदद्वार, आणि त्या दोघांना जोडणारी एक रेघ बोटानं काढली. ती रेघ अंगावरच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तिथून तीन-चार खवले खाली. एका खवल्याच्या कडेखालून सुई आत गेली. त्यांची बोटं निळी पडली होती आणि तरी थरथरत नव्हती. सुईच्या मागून बुडबुड्यांची एक माळ निघाली. त्यांनी घाई केली नाही. थोडी हवा, थांबायचं, मासा सरळ होतो का बघायचं, परत थोडी. माझ्या तळव्यात तो हळूहळू वळला आणि पोट खाली गेलं. वीस मिनिटं गेली. वर बघितलं तर पडदा रिकामा होता.

मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘आपणच त्याला वर आणलं ना, मॅम.’ आणि गार हात जॅकेटमध्ये घालून बसले.

जॉर्जियाच्या लोकांना १९३२ सालचा एक मासा तोंडपाठ आहे. जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणानं माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास पकडला. त्या विक्रमाची बरोबरी थेट २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात झाली. पेरींनी मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. मंदीचे दिवस होते, मला त्यात काही चूक वाटत नाही. स्पर्धेतले मासे जिवंत परत सोडायची पद्धत रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये रुजवली. आज मेलेला मासा वजनाला आणला तर वजन कापतात.

दुपारी साडेतीनला वजन. माझा ३ पौंड २ औंस, एकच. काकांचे चार. वजनकाट्याच्या आसपासची गर्दी मला अजिबात आवडली नाही. ज्यांना बक्षीस मिळालं त्यांचे मासे फोटोसाठी धरून ठेवले होते, मिनिटामागून मिनिट, त्या शून्याखालच्या वाऱ्यात. ओले कल्ले अशा हवेत फार लवकर बिघडतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असणार. मी फोटो काढला नाही. पिशवी घेऊन धावत धक्क्यावर गेले आणि मासा पाण्यात सोडला. क्षणभर तो माझ्या मनगटाशी उभा राहिला, सरळ, आणि मग तिरका खाली गेला.

परतीचा तासाभराचा रस्ता आठवत नाही. रात्री नऊला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची सकाळ, ते बाजारातून आलेले.

‘मगे मासो खंय गेलो?’

‘सोडलंय, बाबा.’

ते गप्प झाले. मग मी सुईचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन आईच्या हातात दिला आणि आत जाऊन पिशवीतली तांबोशी ताटलीत घालून आणली. चष्मा लावला.

‘खंय घातल्यान सुई, ता दाखव.’

मी पडद्यावर बोट ठेवलं. तांबोशीची ठेवण वेगळी आहे, बासची खूण तिला लागू पडेल असं नाही, हेही सांगितलं. ते मान हलवत होते, आणि अंगठ्याच्या नखानं खवले मोजत होते. एक, दोन, तीन.