कप्पी, सायकल, पंप, फेरीबोट: यंत्राची समज कशी तपासावी

विहिरीवर टांगलेल्या एका कप्पीवरून दोर गेला आहे. टोकाला पाण्याने भरलेली बादली, एकूण वजन १६ किलो. दोर ओढायला किती जोर लागेल?

अप्रेंटिस भरतीच्या किंवा तांत्रिक नोकरीच्या परीक्षेत यांत्रिक आकलनाचा जो भाग असतो, तिथे हा प्रश्न या ना त्या रूपात भेटतो. ‘८ किलो’ हे उत्तर मोह घालतं, कारण कप्पी म्हटली की जोर निम्मा, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. खरं उत्तर १६ किलो, वर कप्पीच्या घर्षणाचं थोडं. जागेवर खिळलेली कप्पी जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढता येतं आणि अंगाचा भार कामी येतो. पाणी काढणाऱ्याच्या कमरेला विचारा, हा फायदाही लहान नाही.

अशा प्रश्नात आधी सूत्र शोधू नका. एवढंच विचारा: हात इतका हलला, तर वजन किती हललं? हात १ मीटर आला आणि बादलीही १ मीटर चढली, तर जोर वाचलेला नाही. हात २ मीटर आला आणि बादली १ मीटरच चढली, तर जोर निम्मा. जोरात जे वाचतं ते अंतरात भरावं लागतं. तरफ, गिअर, जॅक, स्क्रू, चढाव, सगळीकडे हाच हिशेब.

आता दोराचं एक टोक वरच्या वाशाला बांधा. दोर खाली आणून बादलीच्या कडीला लावलेल्या दुसऱ्या कप्पीखालून घ्या, मग वरच्या कप्पीवरून हातात. बादलीला दोराचे दोन पदर पेलतात. जोर ८ किलो, अधिक खालच्या कप्पीचं निम्मं वजन. बादली ६ मीटर वर यायला दोर १२ मीटर ओढावा लागेल. चित्रात पदर तीन दिसतात म्हणून तीनने भागलं की उत्तर चुकलं. वरून हातात उतरलेला पदर बादलीला पेलत नाही, तो मोजायचा नाही. कप्प्या तर मोजायच्याच नाहीत.

याच चित्रावर आणखी एक प्रश्न निघतो. पहिल्या, एकाच कप्पीच्या रचनेत वरच्या हुकावर भार किती? १६ नव्हे, ३२ किलो. एका बाजूने बादली ओढते, दुसऱ्या बाजूने तितक्याच जोराने हात. म्हणून विहिरीवरची जुनी तुळई तपासताना भरल्या बादलीच्या दुप्पट वजन धरून तपासावी.

तरफेचं थोडक्यात. अंतर नेहमी टेकूपासून मोजायचं, पट्टीच्या टोकापासून नाही. अडकित्त्यात सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितकी सहज फुटते. घरी पडताळायला ३० सेंमीची पट्टी मधोमध पेन्सिलीवर तोला. एका बाजूला टेकूपासून १२ सेंमीवर एक नाणं, दुसऱ्या बाजूला ४ सेंमीवर तशीच तीन नाणी. पट्टी आडवी राहते. गिअरचंही तसंच: १२ दात्यांचं चक्र ३६ दात्यांच्या चक्राला फिरवत असेल, तर तीन फेऱ्यांना एक फेरी. मध्ये आणखी एक चक्र घातलं तर दिशा बदलेल, प्रमाण नाही, मग त्याला कितीही दाते असोत. आणि तीन चक्रं एकमेकांत त्रिकोणात अडकवलेली दाखवली असतील तर तिथे थांबा. ती फिरणारच नाहीत.

सायकल मात्र नीट पाहण्यासारखी आहे, कारण ती उलट्या बाजूने शिकवते. साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ धरू. पायडलाच्या एका फेरीत मागचं चाक २.४४ फेऱ्या घेतं. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर, म्हणजे सायकल ५.४ मीटर पुढे जाते. पायडलाचा दांडा १७ सेंमी, तर पाऊल त्याच फेरीत १.०७ मीटरच फिरतं. पाऊल १, सायकल ५. इथे अंतर कमावलं, म्हणून जोर गमावला: पायडलावर २० किलोचा दाब दिला तर रस्त्याला जेमतेम ४ किलोचा रेटा मिळतो. सपाट रस्त्यावर तेवढा पुरतो. पण पणजीत आल्तिन्होच्या चढावर सायकल घातली आणि चढ समजा १० मीटरला १ मीटर असला, तर स्वार आणि सायकल मिळून ८० किलोंसाठी रस्त्याला ८ किलोचा रेटा हवा. म्हणजे पायडलावर ४० किलो, तोही सतत. लोक उतरून सायकल ढकलतात त्याचं कारण या आकड्यात आहे. मागचं चक्र मोठं केलं की हे ओझं उतरतं, आणि पाय जास्त मारावे लागतात.

कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्याला उतरणारा रेल्वेचा ब्रागांझा घाट ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर चढ. तेव्हा १००० टनांची गाडी वर चढवताना नुसत्या चढासाठी सुमारे २७ टनांचा जादा ओढा लागतो, एरवीचं घर्षण वेगळं. तिथे गाडीला जादा इंजिनं का जोडतात ते यातून कळतं.

तेलाच्या जॅकच्या प्रश्नातला सापळा व्यासाचा असतो. लहान दट्ट्या २ सेंमी, मोठा २० सेंमी. जोर दहापट नाही, शंभरपट, कारण दाब क्षेत्रफळावर चालतो. १० किलोने १००० किलो उचलतात, पण हात १०० सेंमी दाबावा तेव्हा गाडी १ सेंमी चढते. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पायडल स्पंजासारखं मऊ लागतं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. पायाचं अंतर हवा दाबण्यातच खर्ची पडतं, चाकापर्यंत पोचत नाही. टाकीच्या पाण्याचा दाबही उंचीवर ठरतो, टाकीच्या आकारावर नाही. ५०० लिटरची आणि १००० लिटरची टाकी एकाच उंचीवर असेल आणि पाण्याची पातळी सारखी असेल, तर नळाला दाब सारखाच: १० मीटर उंचीला सुमारे १ किलो दर चौरस सेंमी.

पंपाचा प्रश्न गोव्यात परीक्षेत येवो न येवो, मे महिन्यात दारात येतो. सड्यावरचं घर, विहीर खोल, पंप काठावर. पावसाळ्यात पाणी वर असतं तेव्हा पंप झकास चालतो. उन्हाळ्यात पातळी ९ मीटर खाली गेली की मोटर फिरते, पाणी येत नाही. अर्ध्या एचपीऐवजी एक एचपीची मोटर बसवली तर येईल का?

नाही येणार. पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला वर ढकलते. हवेची ताकद ठरलेली आहे: टॉरिचेल्लीच्या नळीत, म्हणजे पाऱ्याच्या वायुभारमापकात, ती ७६ सेंमी पारा पेलते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून पाणी फार तर १०.३ मीटर. तेही पाइपात पूर्ण पोकळी केली तर. पाइपाचं घर्षण, वाकणं, फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) यांचा वाटा गेला की हाती सुमारे ७ मीटर उरतात. जास्त एचपीने पंपाच्या पुढची उंची वाढेल, मागची नाही. सहसा कामाचे उपाय दोन: पंप विहिरीतल्या कट्ट्यावर पाण्याजवळ उतरवणं, नाहीतर पाण्यात बुडणारा सबमर्सिबल बसवणं.

पाणी ५ मीटरवर असूनही येत नसेल, तर दोष वेगळा. पंप बंद करून वरच्या तोंडातून पाणी भरा आणि दहा मिनिटं पाहा. पातळी उतरली तर फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, बहुधा झाकणात पान किंवा खडा अडकलेला असतो. पातळी टिकली, पण चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतात, तर शोषणाच्या बाजूचा एखादा जोड हवा घेतो. अशी गळती बाहेर थेंब टाकेलच असं नाही. चालू पंपाच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत जाईल, तिथे दोष.

आता तरंगणं. रायबंदर-चोडण मार्गावरची एखादी फेरीबोट माल आणि माणसांसकट ८२ टन भरते आणि पाण्याच्या रेषेवर तिचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे, असं समजू. गोड्या पाण्यात तिला ८२ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागेल. समुद्राचं पाणी १.०२५ पट जड, तिथे ८० घनमीटर पुरतात. फरक २ सेंमीचा. या मार्गावरच्या मांडवी नदीत पावसाळ्यात गोडं पाणी वाहतं, उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं पाणी आत चढतं. तीच बोट, तोच भार, तरी पावसाळ्यात ती अधिक बुडते. म्हणूनच मोठ्या जहाजांच्या कुशीवर गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर मारलेली असते. लोहखनिजाच्या बार्जचा मालाचा खण अर्धा रिकामा दिसतो आणि बार्ज मात्र पुरती बुडालेली, त्याचं कारणही वजनात आहे. खनिजाचा ढीग पाण्याच्या दुपटीहून जड असतो. बार्ज पाहते ते वजन, ढिगाची उंची नव्हे.

शेवटचा प्रश्न कागदावर सोडवण्याआधी न्हाणीघरात सोडवा. तळ्यात होडी, होडीत लोखंडाचा गोळा. गोळा पाण्यात टाकला तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील?

साधारण २५ सेंमी व्यासाची बादली पाऊण भरा, त्यात स्टीलचं पातेलं तरंगत ठेवा. पातेल्यात खलबत्त्याचा बिडाचा बत्ता आडवा ठेवा, समजा ७२० ग्रॅमचा. पाण्याच्या रेषेवर बादलीला पेनाने खूण करा. मग बत्ता उचलून अलगद पाण्यात सोडा, पातेलं तरंगतंच ठेवा. पातेल्यात असताना बत्ता स्वतःच्या वजनाइतकं, म्हणजे ७२० मिलिलिटर पाणी सारत होता. तळाला गेल्यावर तो फक्त स्वतःच्या आकाराएवढं, जेमतेम १०० मिलिलिटर सारतो. बादलीचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंमी. पाणी खुणेच्या सव्वा सेंमी खाली गेलेलं दिसेल. आता बत्त्याऐवजी पातेल्यात लाकडाचा ठोकळा ठेवा, पाण्याच्या रेषेवर नवी खूण करा आणि ठोकळा पाण्यात टाका. तो तरंगतो, आणि पाणी नव्या खुणेवरच राहतं.