आमच्या गल्लीतला सतरा सप्टेंबर

लातूरच्या आमच्या गल्लीतलं मंडळ गणपतीही हौसेनं बसवतं, पण मंडळाची खरी शान १७ सप्टेंबरचा गुणगौरव आहे, हे मी येईल त्याला सांगते. १९४८ साली याच दिवशी निजाम शरण आला, देशामागून तेरा महिन्यांनी मराठवाडा मोकळा झाला. म्हणून सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी मुलांचे सत्कार. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ हे सगळीकडे असतं तसंच. मी वाट बघते ती मुलांच्या मनोगताची.

माझ्या दिराची मुलगी पहिलीत असताना तिथं पहिल्यांदा बोलली. माईकचा दांडा तिच्या डोक्याच्याही वर. स्पीकरवाल्या दादानं खुर्ची आणून तिला वर उभं केलं. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" म्हटल्यावर पाठ केलेलं सगळं विसरली, घटकाभर गप्प राहिली आणि म्हणाली, "माझी वेणी आज आजीनं घातली." मंडपात टाळ्या! माझ्या लेखी तेच तिचं पहिलं खरं भाषण. कुणी काय केलं हे नाव घेऊन सांगणारं मनोगत ऐकलं की मला आजही आवरत नाही.

२०१६ चं तर विसरूच शकत नाही. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पण टंचाईचे हाल कितीतरी आधीपासून चालू होते. दहावी झालेला एक मुलगा म्हणाला, "टँकरच्या रांगेत माझी घागर शेजारच्या मावशी पुढं सरकवायच्या, मी बाजूला बसून इतिहास वाचायचो." त्या मावशी मागं सतरंजीवर बसल्या होत्या. पदर डोळ्याला लावून बसल्या, स्टेजवर काही केल्या येईनात. आमची पुतणी तेव्हा सातवीत. तिनंच हाताला धरून त्यांना पुढं आणलं.

तिची दहावी २०२० ची. कोरोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही आणि त्या वर्षी सोहळाही झाला नाही. पोरांनी दारोदार जाऊन प्रमाणपत्रं दिली. तिचं मनोगत राहून गेलं ते गेलंच, याची मला अजून चुटपुट आहे.

मंडळाच्या यादीत आधी फक्त दहावी-बारावी असायची, तीही टक्क्यांच्या क्रमानं. पदवीला कोणी विचारत नव्हतं. लातूर पॅटर्नच्या गावात बारावीपुढचं आयुष्य जणू मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंग! साधं बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या लेकरांनी काय गुन्हा केला? मी बैठकीत हट्टच धरला की पदवी मिळाली की नाव पुकारायचं, टक्के वाचायचे नाहीत. काहींची तोंडं वाकडी झाली, पण ठराव झाला. आमची कॉलेजं ज्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची, त्याचीही स्थापना १७ सप्टेंबरचीच, १९९४ ची. मग याच दिवशी पदवीधरांचा मान नको?

२०२४ ला अनंत चतुर्दशी नेमकी याच तारखेला आली. विसर्जनाच्या गडबडीत सत्कार सकाळीच उरकले, मनोगतं कापली. मला ते पटलं नव्हतं.

२०२५ ला पुतणीचं नाव बी.एस्सी. म्हणून पुकारलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी. कागद न घेता बोलली. आजीची वेणी, वडिलांनी ओव्हरटाइम करून भरलेली फी, रात्री जर्नलच्या आकृत्यांना बॅटरी धरून बसलेला धाकटा भाऊ, सगळं सांगितलं. खाली आली तर मलाच म्हणते, "काकू, तू कशाला रडायलीस?"

त्या महिन्यात पावसानं मराठवाड्याची दैना केली. खेड्यावरची माणसं आली नाहीत, त्यांना मी बोल लावणार नाही. पण पुण्याला गेलेल्यांचं काय? लग्नाला येता, दसऱ्याला येता, मग या दिवशीच रजा मिळत नाही? आणि आपल्या लेकराचा सत्कार झाला की उठून जाणाऱ्यांनी पुढच्या लेकराचं तोंड तरी बघावं.

ज्यांच्यामुळं हे होतं त्यांचे आभार मानायचेच आहेत. अंगण देणाऱ्या काकी, मंडपवाले, स्पीकरवाला दादा, प्रमाणपत्रांवर वळणदार अक्षरात नावं लिहिणारे निवृत्त गुरुजी, सतरंज्या देणारी शाळा आणि त्या खांद्यावर वाहून आणणारी पोरं, पाण्याचे जार पाठवणारे किराणावाले, रांगोळीच्या मुली, दुपारपासून चुरमुरे भिजवून एवढ्या लोकांचा सुशीला करणाऱ्या बायका, चहाचं पातेलं सांभाळणारे वहिनींचे भाऊ, दुसऱ्या दिवशी अंगण झाडून देणाऱ्या मावशी. हो, आणि लाईट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर जोडून देणारे समोरचे भाऊ! कोणी राहिलं असेल तर घरी येऊन सांगा, पुढच्या वेळी स्टेजवरून नाव घेईन.

औशाकडच्या खेड्यातून अकरावीला आमच्याकडं राहायला आलेला माझा भाचा यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आल्या वर्षी तो माईकला हात लावायला तयार नव्हता. आता मनोगताची वही केलीय, मला दाखवत नाही. २०२६ चा १७ सप्टेंबर गुरुवारी आहे. पुणेकरांनी आत्ताच रजा टाकून ठेवावी.