धंदा का करायचाय? एका प्रोजेक्टचा अनुभव

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी विषय घेतला, कॉलेजच्या पोरांना स्वतःचा धंदा का करावासा वाटतो. खरं सांगू, सोपा वाटला म्हणून घेतला. फॉर्म फिरवायचा, ग्राफ काढायचे, झालं.

पहिला फॉर्म साफ फसला. पैसा, स्वातंत्र्य, नाव, स्वतःची आयडिया, प्रत्येकाला १ ते ५ मार्क द्या असं विचारलं होतं आणि पोरांनी जिकडे तिकडे ५ दिले, एकाने तर न वाचताच वरपासून खालपर्यंत ५ ची रांग लावली. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "स्वातंत्र्य नको असं कोण लिहील रे?"

मग त्यांनी आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९९१ चा पेपर वाचायला लावला. त्याचं म्हणणं असं की माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ते काम आपल्याला कसं वाटतं, जवळच्या माणसांना काय वाटतं आणि आपल्याला ते जमेल असं वाटतं का. माझ्या फॉर्मात फक्त पहिलं होतं, बाकी दोघांचा पत्ताच नाही!

फॉर्म नव्याने बनवला, शिवाय काही जणांशी बसून बोललो आणि खरा माल तिथेच मिळाला. एका मुलीने कारण लिहिलं होतं 'स्वतःच बॉस'. बोलता बोलता कळलं की शाळेत असल्यापासून ती मावशीच्या छोट्या व्यवसायात बिलं करायची, चिडलेल्या गिऱ्हाईकांचे फोन घ्यायची. म्हणाली, "इतकं ऐकून घेतलंय ना, आता कसली भीती." बॅन्डुरा हा मानसशास्त्रज्ञ ज्याला सेल्फ-एफिकसी म्हणतो, म्हणजे 'हे मला जमेल' असा स्वतःवरचा विश्वास, ते हेच की. दुसरा एकजण इंटरव्ह्यूत तीनदा रिजेक्ट झालेला, त्याला ना बॉस व्हायचं होतं ना श्रीमंत, परत कोणासमोर फाईल घेऊन बसायचं नव्हतं, बस. शापेरो आणि सोकोल या अभ्यासकांनी १९८२ मध्ये हेच मांडलंय, असा काहीतरी धक्का बसला की माणूस या वाटेला वळतो. (यशोगाथांची भाषणं ऐकून पेटलेलेही भेटले, पण ते पुढच्या भाषणापर्यंतच, असं आपलं माझं मत.)

सबमिशनच्या आधी मॅडमच्या सांगण्यावरून शेवटी एक प्रश्न वाढवला: 'गेल्या आठवड्यात त्यासाठी काय केलंस?' बहुतेकांनी जागा कोरी सोडली. त्या मुलीने लिहिलं होतं, 'एका गिऱ्हाईकाला फोन केला. उचलला नाही. उद्या परत लावते.'