ठेवणीतली किंकाळी

सिनेमात कुणी उंचावरून पडायला लागलं, की हल्ली मी डोळ्यांपेक्षा कान जास्त उघडे ठेवतो. तटावरून पडो, पुलावरून पडो, नाहीतर धावत्या गाडीच्या टपावरून. जमिनीवर आदळेपर्यंत त्याच्या हाती एखादा सेकंद असतो, आणि त्या सेकंदात तो कुणाच्या आवाजात ओरडतो, ते मला ऐकायचं असतं. स्वतःच्या आवाजात ओरडला तर काही म्हणणं नाही. पण कधीकधी 'ती' येते. एकदम वर चढलेली, मधेच गिरकी घेऊन तुटणारी, शेपटीवर पाय पडल्यासारखी. आणि मला हसू फुटतं. पहिल्यांदा थिएटरात असा हसलो, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या शिपायाला मीच ढकललं होतं.

या किंकाळीला नाव आहे, विल्हेल्म. जन्म १९५१ सालचा. 'डिस्टंट ड्रम्स' या चित्रपटात सैनिक दलदलीतून चाललेले असतात आणि त्यांतल्या एकाला मगर पाण्याखाली ओढून नेते. त्याचं ओरडणं नंतर स्टुडिओत मुद्रित केलं गेलं. एका नटाने माइकसमोर उभं राहून ओळीने सहा वेळा ओरडून दिलं, आणि ते रीळ वॉर्नर ब्रदर्सच्या संग्रहात जाऊन पडलं. दोन वर्षांनी 'द चार्ज अ‍ॅट फेदर रिव्हर'मध्ये विल्हेल्म नावाच्या सैनिकाच्या मांडीत बाण घुसला, तेव्हा तेच ओरडणं पुन्हा बाहेर निघालं. पुढे नाव पडलं ते या मांडीवाल्याचं. मगरीने नेलेला बिचारा बिननावाचाच राहिला.

बेन बर्ट या ध्वनिरचनाकाराने विद्यार्थिदशेतच मित्रांबरोबर हा आवाज निरनिराळ्या सिनेमांत हेरून ठेवला होता. 'स्टार वॉर्स'चं काम हाती आल्यावर त्याने ते जुनं रीळ हुडकून काढलं. १९७७ साली पांढऱ्या चिलखतातला एक शिपाई खोल पोकळीत कोसळला, तो विल्हेल्मच्या आवाजात. तिथून साउंड एडिटर मंडळींमध्ये हा खेळच सुरू झाला. आपल्या सिनेमात कुठेतरी ही ओरड लपवायची आणि कोण ओळखतं ते बघत बसायचं. आज चारशेहून जास्त चित्रपटांत ती सापडते म्हणतात. मूळ आवाज बहुधा शेब वूली या नट-गायकाचा असावा, असं मानलं जातं. गंमत म्हणजे १९५८ साली याच वूलीचं जे गाणं तुफान गाजलं, ते एका शिंगाच्या, एका डोळ्याच्या, लोकांना खाणाऱ्या प्राण्याबद्दल होतं. खाल्लं जाण्याचा विषय काही त्याची पाठ सोडत नव्हता.

आता एवढ्या मोठ्या धंद्यात एक नवीन किंकाळी परवडत नाही का, असं कुणीही विचारेल. परवडते. पण ध्वनीचं काम येतं सगळ्यांच्या शेवटी. चित्रीकरण लांबलेलं, संकलन लांबलेलं, प्रदर्शनाची तारीख मात्र ठरलेली. अशा वेळी हाताशी स्वच्छ मुद्रण केलेला आणि पूर्वी चाललेला आवाज असेल, तर माणूस तोच उचलतो. आपणही लग्नाला ठेवणीतलेच कपडे काढतो की. तक्रार एवढीच, की हा एकच कोट चारशे जणांनी घातलाय.

मेघगर्जनेचंही तेच. १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन'साठी मुद्रित केलेला एक गडगडाट पुढची पन्नासेक वर्षं कितीतरी सिनेमांत आणि कार्टूनमध्ये वाजत राहिला. भुताची हवेली दिसली, की तोच ढग. शिवाय सिनेमातली वीज चमकते आणि त्याच क्षणी कडाडते. खऱ्या विजेचा आवाज एका किलोमीटरवरून यायला तीनेक सेकंद लागतात. लहानपणी आपण आकडे मोजून वीज किती लांब आहे ते ताडायचो, तो खेळ सिनेमात खेळताच येत नाही. तिथे प्रत्येक वीज घराच्या कौलांवरच पडलेली असते.

तलवारीचं तर बोलायलाच नको. कातड्याच्या म्यानातून उपसली तरी ती सुरी परजल्यासारखी झणकारते. मातीच्या रस्त्यावर गाडी वळली, तरी टायर डांबरावर घासल्यासारखे किंचाळतात. आणि घनदाट जंगल दाखवायचं, तर जगाच्या पाठीवरचं कुठलंही जंगल असो, झाडीतून एक पक्षी खदाखदा हसतो. तो असतो कूकाबुरा, राहणार ऑस्ट्रेलिया. बेडकाचीही अशीच कथा. इंग्रजी सिनेमातला बेडूक 'रिबिट, रिबिट' करतो, कारण हॉलिवूडच्या जवळपास, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तसा आवाज काढणारी छोट्या बेडकांची एक जात आहे. मुद्रण करायला ती हाताशी होती. मग सगळ्या जगातल्या बेडकांच्या तोंडी तीच भाषा घातली गेली.

पण हे लिहिताना माझ्या लक्षात आलं, की मी तरी काय वेगळं करतोय? माझा बेडूक 'डराव डराव'च करतो. मी कथा लिहायला घेतली, तर दार करकरेल, वीज कडाडेल, पानं सळसळतील आणि कुत्रा लांबवर कुठेतरी केकाटेल. भाषेनेही आवाजांची एक पेटी भरून ठेवली आहे, आणि आपण सगळे तीतलेच काढून वापरतो. रात्र 'किर्र' असते, हे ठरलेलं आहे. एखादीला 'चिर्र' म्हणून बघा, वाचक मुद्रितशोधकाला शिव्या देईल.

कान एकदा असे सरावले, की खरं तेच खोटं वाटायला लागतं. माझी भाची आठ वर्षांची. तिच्याबरोबर मी प्राण्यांवरचा एक माहितीपट बघत होतो. अमेरिकेच्या राजमुद्रेवर असतो तो पांढऱ्या डोक्याचा गरुड, बाल्ड ईगल, एका फांदीवर रुबाबात बसलेला. त्याने चोच उघडली आणि आतून पिल्लासारखी चिवचिव बाहेर आली. तो खरोखरच असा बारीक ओरडतो. सिनेमात त्याच्या तोंडी जी आरपार जाणारी कर्कश साद घालतात, ती रेड-टेल्ड हॉक नावाच्या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची. भाचीने मात्र रिमोट उचलून आवाज वाढवला, मग कमी केला, आणि म्हणाली, "मामा, याचा आवाज बिघडलाय."

तिला मी सगळं समजावून सांगितलं. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा कशा काढतात, सेलरी या भाजीची दांडी मोडून हाड कसं मोडतात, कॉर्नफ्लोअर चुरडून बर्फावर कसं चालतात. ती खूश झाली. सेलरी आणून तिने दोन दिवस घरातल्या सगळ्यांची हाडं मोडली. मग मी चूक केली. तिला विल्हेल्म ऐकवला.

आता तिच्याबरोबर मारामारीचा सिनेमा बघणं अवघड झालंय. कुणी जिन्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, की ती मला कोपराने ढोसते. किंकाळी आली, की दोघं टाळ्या देतो. गोष्ट काय चालली होती, कोण कुणावर चिडलं होतं, हे दोघांनाही आठवत नाही. माझी बहीण वैतागून म्हणते, "तुम्ही सिनेमा बघताय की पकडापकडी खेळताय?" तिचं खरं आहे. गडगडाट पुन्हा वापरला तर मला काही वाटत नाही, कारण ढग कुणाच्या मालकीचा नसतो. पण किंकाळी कुणाची तरी असते. ती एका माणसाने एकदा मारली, आणि तेव्हापासून किती शिपाई, लुटारू, पहारेकरी त्याच एका गळ्याने मरत आलेत. त्यांना नाव नाही, संवाद नाही, दिग्दर्शकाला त्यांचा चेहराही आठवत नसेल. मरताना एक ओरड तेवढी स्वतःची मिळायची, तीही उसनी. हे मी टाळी देऊन झाल्यावर म्हणतोय, याची मला कल्पना आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा असाच एक लढाईचा सिनेमा लागला होता. किल्ल्याला वेढा पडलेला, तटावर एक तरुण पहारेकरी, खालून बाण येताहेत. भाचीचं कोपर तयार. माझं तोंड हसायच्या बेतात. बाण लागला, तो मागे झुकला, आणि तटावरून सुटला. काहीच आवाज आला नाही. वारा तेवढा होता, आणि मग खाली मातीवर एक धप्प.

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. पडद्यावर लढाई पुढे सरकली होती.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "हा खरंच मेला वाटतं."